चेहरा बरोबर, नाव चुकीचं

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या नावानं कुणाशी तरी बोलत होते. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या त्या ऑफिसात माझा दुसराच दिवस होता. चौथ्या मजल्यावर कॉफीच्या मशीनपाशी एक मॅनेजर पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, टक्कल पडलेल्या एका भारतीय गृहस्थांना विचारत होता, "मग, नागपूरहून प्रवास कसा झाला?" आणि ते गृहस्थ अगदी गंभीरपणे सांगत होते, "बरा झाला. विमानात झोप मात्र लागली नाही."

मॅनेजर गेल्यावर ते माझ्याकडे वळले आणि ग्लासगोच्या ठसक्यात मराठीत म्हणाले, "तुला झोप लागला होता का? असेल तर मी खोटा बोललो."

मी तेव्हा चौतीस वर्षांचा, बुटका आणि डोक्यावर भरपूर केस असलेला. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आणि वीतभर उंच. आमच्यात साम्य एवढंच, की दोघांची नावं एकाच अक्षरानं सुरू व्हायची. रीडिंगमध्ये भारतीयांची काही वाण नाही. शेजारच्या काचेच्या बिल्डिंगमधून दुपारी मराठी ऐकू यायचं. पण आमची विमा कंपनी जुन्या वळणाची होती आणि तिथे आम्ही दोघंच होतो. म्हणून पाच वर्षं मी ते होतो आणि ते मी होते.

मला याचा भयंकर राग यायचा. मी प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायचो. ते कधीच करायचे नाहीत. माझ्या नावानं हाक आली तर वळून "येस" म्हणायचे, काम ऐकून घ्यायचे, जमलं तर करून टाकायचे आणि मग माझ्या टेबलाशी येऊन सांगायचे, "आज तू तीन वाजताच्या मीटिंगला हो म्हणालास. आणि कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाबद्दल तुला खूप आनंद झाला."

"तुम्ही सांगत का नाही त्यांना?" मी एकदा चिडून विचारलं.

"सांगितलं. तुझ्याआधी दुसरे कुणी होते, तेव्हा पहिली दहा वर्षं सांगितलं," ते म्हणाले. "मग थकलो."

त्यांचे वडील सांगलीचे डॉक्टर. साठच्या दशकात ग्लासगोला गेले आणि तिथलेच झाले. ह्यांचा जन्म तिथला, शाळा तिथली. घरात मराठी बोलायचे, पण ते आईवडिलांबरोबरच संपलं. त्यामुळे त्यांची मराठी जुन्या पेटीत ठेवलेल्या कपड्यासारखी होती. घडी तशीच, पण मधे मधे कसर लागलेली. "माझा आई" म्हणायचे, "तो गोष्ट" म्हणायचे. मला 'तू' म्हण, असं ते म्हणाले होते, पण माझी जीभ वळेना. ऑफिसात मराठी बोलायची जागा एकच, लिफ्ट. दार बंद झालं की सुरू, दार उघडलं की अर्ध्या वाक्यात बंद. उरलेलं वाक्य संध्याकाळी उतरताना पूर्ण करायचे आणि मी संदर्भ विसरलेला असलो की रागवायचे.

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न त्यांना कुणी विचारला की मी कामाचं निमित्त काढून जवळपास रेंगाळायचो. ते म्हणायचे, "ग्लासगो." समोरचा हसून म्हणायचा, "नाही, पण मूळचे?" मग ते भागाचं नाव सांगायचे. "नाही, म्हणजे खरं खरं?" मग रस्ता. त्यानंतर हॉस्पिटल, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट, बाहेर पाऊस, आणि ड्यूटीवरच्या नर्सला झालेली सर्दी. आवाज चढायचा नाही, चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. विचारणारा घामाघूम होऊन निघून जायचा.

आपल्या लोकांनाही ते हेच उत्तर द्यायचे, हे मी स्वतः पाहिलं. मी एकदा त्यांना गणपतीला घेऊन गेलो होतो. एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन आमचं मंडळ उत्सव करायचं. हे किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घालून आले. गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, कमरेला चामड्याची पिशवी, कपाळाला गंध. आरतीच्या टाळ्यांचा ठेका त्यांना बरोबर येत होता, शब्द मात्र अर्धेच. मंडळाचे सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यांना जरा मागच्या रांगेत बसवता का? फोटोत बरं दिसत नाही." आणि प्रसाद देताना त्यांनाच म्हणाले, "तुमचं गाव कोणतं हो? नाही, मूळ गाव?" खिडकीजवळच्या खाटेपर्यंत पोचल्यावर सेक्रेटरींनी मोदक हातात दिला आणि विषय संपवला. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी मोदक संपवला. मग म्हणाले, "दोन्हीकडे प्रश्न एकच असतो. इकडे प्रसाद मिळतो."

त्यांच्या पाकिटात शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकाचं एक पान होतं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. गणितात नापास. कुणी आकड्यांनी भरलेली शीट घेऊन आलं आणि "तुम्ही लोक यात हुशार असता," असं म्हणालं की ते पाकीट उघडायचे आणि तो कागद शांतपणे टेबलावर ठेवायचे. आणखी एक गोष्ट त्यांना छळायची. दर वर्षीच्या अप्रेझलमध्ये त्यांच्याबद्दल 'शांत, कष्टाळू, भरवशाचे' असं लिहून यायचं. हा माणूस हसला की तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं. एका वर्षी त्यांनी ठरवून रोज सकाळी टेबलाशी मोठ्यांदा गाणी म्हटली. त्या वर्षीही 'शांत' असंच आलं. टीमचं प्रमुखपद तीन वेळा रिकामं झालं आणि तिन्ही वेळा त्यांनी ज्याला काम शिकवलं होतं, त्याला मिळालं. तिसऱ्या वेळचं कारण त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, "म्हणाले, लीडरला थोडा आवाज लागतो."

हे सगळं सांगताना मला हसू येतं. पुढचं सांगताना येत नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी, संध्याकाळी सव्वापाचला, मी घरभाड्याच्या कराराची प्रत आणायला चौथ्या मजल्याच्या टोकाच्या प्रिंटरपाशी गेलो. ट्रेमध्ये आधीच एक कागद पडला होता. कामावरून कमी करायच्या लोकांची यादी होती ती. मी आधी माझं नाव शोधलं. ते नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं होतं. ती आठ महिन्यांची गरोदर होती आणि त्याच आठवड्यात नवं घर घ्यायला निघाली होती. मी यादीचा फोटो काढला, तिला पाठवला आणि लिहिलं, "घर घेऊ नकोस." तिनं संतापून तो पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोटो सगळ्या बिल्डिंगच्या फोनवर होता.

चौकशी सुरू झाली. त्या मुलीनं तोंड उघडलं नाही. पण टपाल आणि रेकॉर्ड सांभाळणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की त्या वेळी प्रिंटरपाशी उभा असलेला माणूस आपण पाहिला होता. आणि त्यांनी नाव घेतलं ते ह्यांचं.

सोमवारी सकाळी ह्यांना पत्र मिळालं. गंभीर गैरवर्तन, शिस्तभंगाची सुनावणी, आरोप सिद्ध झाला तर नोकरीवरून काढण्यात येईल. सत्तावीस वर्षांची नोकरी होती.

मी त्या दिवशी काय केलं? काहीच केलं नाही. मी व्हिसावर होतो. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. बायकोची नोकरी, मुलीची शाळा, सगळं माझ्या त्या एका कागदावर उभं होतं. मी स्वतःला सांगत राहिलो की त्यांनी हे केलेलंच नाही, तेव्हा सिद्ध कसं होणार. घरी बायकोलाही सांगितलं नाही. जेवताना तिनं दोनदा विचारलं, "काय झालंय?" मी म्हणालो, "ऑफिसात गडबड आहे."

बुधवारी लिफ्टमध्ये ते म्हणाले, "सुनावणीला एक सोबती नेता येतो. ऑफिसमधला. तू येशील?"

 मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं. मी म्हणालो, "येईन."

सुनावणी पुढच्या मंगळवारी होती. ते थ्री-पीस सूट घालून आले, टाय, हातात जाड फाईल. मी नेहमीच्या स्वेटरमध्ये. रात्रभर झोप नव्हती, दाढी राहून गेली होती. लिफ्टमध्ये ते एवढंच म्हणाले, "आत तू काही बोलू नको. सोबत्यानं बोलायचं नसतं."

समितीचे अध्यक्ष लंडन ऑफिसातून आले होते. त्यांच्याबरोबर नोंदी घ्यायला एचआरची एक नवी मुलगी होती, महिन्यापूर्वी लागलेली. दोघांनी आम्हाला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. अध्यक्ष आत आले, सुटातल्या माणसाकडे पाहून त्यांनी मान हलवली, आणि हात माझ्यापुढे केला. ह्यांचं नाव घेऊन मला म्हणाले, "आल्याबद्दल आभार. हे तुमचे प्रतिनिधी असणार."

आरोपी जसा दिसायला हवा तसा मी दिसत होतो.

मी तोंड उघडलं. टेबलाखाली ह्यांचा जाड तळाचा बूट माझ्या पायावर आला आणि तिथेच राहिला.

अध्यक्षांनी आरोप वाचला, माझ्याकडे बघून. "तुम्ही त्या दिवशी सव्वापाचला प्रिंटरपाशी होतात?"  बुटाचा दाब वाढला. ह्यांनी आपल्या स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "आधी साक्षीदाराचं ऐकून घेऊ या." अध्यक्षांना ते पटलं. वीसेक मिनिटं अध्यक्ष प्रिंटरची जागा, वेळ, कागदपत्रं असं काहीबाही मला समजावून सांगत राहिले. मी ह्यांच्या नावाला मान डोलवत राहिलो. पाच वर्षं ज्या गोष्टीचा मला संताप यायचा, तिच्या आडोशाला मी दडून बसलो होतो.

मग त्या बाई आत आल्या. पंचावन्न-छप्पनच्या असतील, हातात रुमाल घट्ट धरलेला. साक्ष द्यायला त्या खुशीनं आलेल्या नव्हत्या, हे दिसत होतं. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही ज्यांना पाहिलं, ते या खोलीत आहेत?"

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर गोंधळल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा निवळला.

"हो," त्या म्हणाल्या. "हेच."

"खात्री आहे?"

"मी यांचा चेहरा नीट पाहिलाय. हेच होते."

त्यांनी बरोबर माणूस ओळखला होता. त्यांच्या डोक्यात चेहरा माझाच होता, फक्त त्याला लावायला नाव एकच ठाऊक होतं, सत्तावीस वर्षं ऐकलेलं. मला वाटलं, संपलं. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

तेव्हा ह्यांनी फाईल बंद केली. "एक सांगायला हवं," ते म्हणाले. "ज्यांच्यावर आरोप आहे तो मी. हे माझे सोबती आहेत. तुम्ही वीस मिनिटं यांच्याशी बोलताय, मला वाटलं तुमच्या लक्षात येईल." आणि त्यांनी आपलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

 नोंदी घेणाऱ्या मुलीचं पेन थांबलं. अध्यक्षांची मान खालून वर लाल होत गेली. त्या बाई माझ्याकडे, ह्यांच्याकडे, पुन्हा माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण मी यांनाच..." आणि थांबल्या. कुणीतरी त्या वेळी म्हणायला हवं होतं, की मग हाच असेल. ते अगदी समोर पडलेलं होतं. पण नुकताच जो स्वतः फसला होता, त्या अध्यक्षाची ते उच्चारायची छाती नव्हती. त्यांनी बाईंना बाहेर जायला सांगितलं. दहा मिनिटांत सुनावणी रद्द झाली. माफीचं पत्र येईल, असं म्हणाले.

खाली पार्किंगमध्ये आम्ही त्यांच्या गाडीपाशी उभे राहिलो. वारा होता. मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"पत्र आला त्या दिवशीच. लोक जेव्हा म्हणतात मला पाहिलं, तेव्हा तू असतोस."

"मग सांगितलं का नाही?"

"तो तुझं काम होतं." त्यांनी टाय सैल केला.   "तू समजू नको मी तुला वाचवला. अध्यक्षानं तुला हात दिला तेव्हा मी प्लॅन केला नव्हता. नंतर केला. सत्तावीस वर्षं मी वाट बघत होतो, एकदा तरी कुणाला तरी ह्या नाव चुकण्याचा त्रास होऊ दे. आणि झाला कुणाला? त्या बाईला." ते पुढचं इंग्रजीत म्हणाले. "या बिल्डिंगमध्ये आज पहिल्यांदा कुणीतरी आपल्यापैकी एकाला नीट पाहिलं होतं, आणि मी तिला खोटं पाडलं."

गाडीत बसताना काच खाली करून म्हणाले, "तिला कोण सांगणार?"

 ते निघून गेले.

त्या बाईंची गोष्ट बिल्डिंगभर झाली. कॅन्टीनमध्ये त्या आल्या की टेबलांवरचं बोलणं थांबायचं. त्यांना एका प्रशिक्षणाला पाठवलं, माणसांबद्दलचे पूर्वग्रह कसे ओळखावेत याच्या. मी रोज ठरवायचो की आज जायचं, आणि रोज काहीतरी काम निघायचं. ह्यांनी मला एकदाही विचारलं नाही. लिफ्टमध्ये ते मराठीत हवापाण्याचं बोलायचे, आणि ते ऐकणं शिव्या ऐकण्याहून कठीण होतं.

अकराव्या दिवशी मी चहा करत असताना त्या बाईच किचनमध्ये आल्या. मला एकटा पाहून त्यांनी दार लोटलं.

"मला तुमची माफी मागायची होती," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे बोट दाखवलं. मी असली बाई नाही, असं मला वाटायचं. आता मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं तरी हाक मारायला भीती वाटते."

किटली उकळून बंद झाली. मी म्हणालो, "तुमचे डोळे ठीक आहेत. तो मीच होतो."

 त्या खुर्ची ओढून बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"नाही."

"वर एचआरकडे तुम्ही जाता की मी जाऊ?"

मी गेलो. त्या आठवड्यात माझी नोकरी गेली. बायकोला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी माझा बायोडेटा घेऊन शेजारी बसली. मुदतीला नऊ दिवस उरले असताना लंडनमध्ये काम मिळालं आणि आम्ही तिथल्या एजवेअर भागात राहायला आलो. ह्यांनाही पुन्हा चौकशीला बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं, "मला जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं, जे विचारलं नाही त्याचं दिलं नाही." वर्षअखेर ते निवृत्त झाले आणि ग्लासगोला परत गेले. त्या बाई अजून तिथेच आहेत, असं ऐकतो.

निघण्याआधी ते एकदा आमच्याकडे जेवायला आले. बायकोनं वरण-भात, वांग्याची भाजी केली होती. जेवता जेवता, कुणी विचारलेलं नसताना, ते बोलू लागले. दहा वर्षांचे असतानाची गोष्ट. त्यांच्या वर्गात आणखी एक भारतीय मुलगा होता, पंजाबी. त्यानं चेंडूनं खिडकीची काच फोडली. मास्तरांनी ह्यांना पुढे बोलावलं. तेव्हा तिथल्या शाळांत चामडी पट्ट्यानं हातावर मारायचे. सहा पट्टे. तो मुलगा पहिल्या बाकावर बसून बघत होता आणि गप्प राहिला.

"तो आता डेंटिस्ट आहे," ते म्हणाले. "दर ख्रिसमसला कार्ड पाठवतो. आत नुसता सही. मी एकोणपन्नास वर्षं वाट बघतोय, तो काही लिहील म्हणून." मग माझ्याकडे बोट करून माझ्या बायकोला म्हणाले, "ह्याला अकरा दिवस लागले." आणि भात मागितला.

मी म्हणालो, "तुम्ही त्यांनाच का विचारत नाही?"

मागच्या जानेवारीत त्यांचा फोन आला. ते त्या डेंटिस्टकडे जाऊन आले होते.

"मी त्याला म्हणालो, तू का नाही बोललास?" ते सांगत होते. "तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मी? मार तर मी खाल्ला. काच तू फोडलीस, आणि तू गप्प बसलास. म्हणाला, दर वर्षी कार्ड पाठवतो, की तुला कधीतरी लाज वाटेल."



"त्याला सगळा आठवतो," ते म्हणाले. "खिडकी कुठली, पट्टे सहा. मास्तर मारताना आमचं नाव चुकला, ते पण. मला जे आठवतो, तेच."

"मग दोनदा घडलं असेल. एकदा तुम्हाला, एकदा त्यांना."

"असेल."

"मग तुम्ही काय केलंत?"

"जेवलो. त्याची बायको चांगला करते."   मग ते हळू म्हणाले, आणि हा माणूस हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, "रात्री मी दिव्याखाली हात बघितला. आता मलाच सांगता येत नाही रे, पट्टे बसले तो हात माझा होता की त्याचा."